आकडा कुठून आला, हे विचारायला शिकूया

(महाविद्यालयीन विद्यार्थी आणि तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'अर्थशास्त्र, वित्त आणि संख्याशास्त्रासाठी इंटरनेटवरील उपयुक्त साधने'. विषयाचे नाव ऐकून काहींना वाटले असेल की मी पन्नास संकेतस्थळांची यादी वाचून दाखवणार. तसे मी करणार नाही. यादी मोबाइलवर येते आणि मोबाइलमध्येच पडून राहते. मी बरीच वर्षे वाणिज्य शाखेच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो. माझा अनुभव असा आहे की आकडे मिळत नाहीत ही आज अडचण नाही. आकडे हवे त्याहून जास्त मिळतात. कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा, हे मात्र कोणी शिकवलेले नसते. म्हणून मोजकी ठिकाणे सांगतो, ती कशासाठी वापरायची ते सांगतो, आणि तिथे गेल्यावर कोणते प्रश्न विचारायचे तेही सांगतो.

हा विषय आपल्या चळवळीत कशासाठी, असे कोणी विचारेल. आपण निवेदने देतो. मोहल्ल्यातल्या मुली शाळा सोडतात, तरुणांना काम नाही, असे आपण लिहितो. समोरचा अधिकारी विचारतो, "किती?" आपण म्हणतो, "खूप." तिथे चर्चा संपते आणि कागद फायलीत जातो. उलट बाजूला, आपल्याविषयी कोणीही कसलाही आकडा समाजमाध्यमांवर टाकतो आणि आपल्याकडे त्याला उत्तर नसते, फक्त संताप असतो. आणि तिसरी गोष्ट घरातली. कर्ज, गुंतवणूक, ठेवी यांत गणित न कळल्यामुळे गरिबाच्या खिशातून पैसा जातो. तिन्ही ठिकाणी औषध एकच आहे : मूळ आकड्यापर्यंत स्वतः जाणे.

चार प्रश्न

कोणताही आकडा समोर आला की चार प्रश्न विचारा. कोणी मोजले? कोणाला मोजले? कधी मोजले? आणि भागले कशाने?

एक साधे उदाहरण घ्या. २०११ मध्ये भारताची साक्षरता किती होती? एक पुस्तक सांगते ७४.०४ टक्के, दुसरे सांगते ७२.९९ टक्के. दोन्ही आकडे जनगणनेचेच आहेत. पहिला तात्पुरत्या निष्कर्षांतला, दुसरा अंतिम. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत अजून दोन्ही फिरतात आणि मुले आपसांत भांडतात. शिवाय हे प्रमाण काढताना सात वर्षे व त्याहून मोठ्या लोकांनाच धरतात. कोणी साक्षरांच्या संख्येला एकूण लोकसंख्येने भागले, तर पाळण्यातली बाळेही निरक्षर ठरतील. आकडा खोटा नसतो, पण भाजक बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

'कधी' हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. २०११ नंतर देशात जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरवली आहे. तोवर तुमच्या तालुक्याची, शहराची किंवा कोणत्याही समाजाची 'आजची लोकसंख्या' म्हणून जे सांगितले जाते, तो अंदाज आहे. अंदाज सांगायला हरकत नाही, पण तो अंदाज आहे हे सांगितले पाहिजे.

हा नियम आपल्यालाही लागू आहे. सच्चर समितीचा अहवाल आपण भाषणांत नेहमी वापरतो. समिती मार्च २००५ मध्ये नेमली गेली आणि अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यातली बरीचशी माहिती २००१ ची जनगणना आणि २००४-०५ चे सर्वेक्षण यांची आहे. हा अहवाल मोलाचा आहे, कारण त्याने सरकारी आकडेच सरकारसमोर मांडले. पण त्यातला आकडा 'आज' म्हणून सांगणे बरोबर नाही. ज्या वर्षाचा आकडा, त्या वर्षाचे नाव घ्यायचे, आणि नंतर काय बदलले ते नव्या स्रोतात शोधायचे.

कुठे शोधायचे

सुरुवात घराजवळून करा. राज्य सरकारचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' प्रसिद्ध करते. ती मराठीत आहे, फुकट आहे आणि तक्ते नीट मांडलेले आहेत. हेच संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' काढते. शाळा, दवाखाने, बँका, सिंचन, रस्ते अशी जिल्ह्याची माहिती त्यात मिळते. आपल्या जिल्ह्याचे समालोचन न वाचता जिल्ह्याच्या मागासलेपणावर भाषण करणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. तुम्ही आधी वाचा.

देशपातळीवर केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाचे 'ई-सांख्यिकी' हे पोर्टल २०२४ मध्ये सुरू झाले. महागाई, उत्पन्न, रोजगार यांच्या मालिका तिथून थेट उतरवून घेता येतात. रोजगारासाठी 'नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण', म्हणजे पीएलएफएस, पाहा. ते २०१७ पासून चालू आहे आणि त्याच्या वार्षिक अहवालात धार्मिक समुदायांनुसारही तक्ते असतात. पण तक्त्याआधी व्याख्या वाचा. चालू साप्ताहिक स्थितीनुसार आठवड्यात एका दिवशी एक तास काम केलेला माणूसही रोजगारात मोजला जातो. घरच्या दुकानात बिनपगारी हातभार लावणारी मुलगीही काम करणारीच धरली जाते. म्हणून बेरोजगारीचा दर कमी दिसला, की 'सगळ्यांना नोकरी आहे' असे म्हणणे चूक. आणि 'आकडा बनावट आहे' असे ओरडणेही चूक. प्रश्न विचारायचा : काम आहे ते कोणत्या प्रकारचे? पगारी, रोजंदारी की स्वतःचे? तेही त्याच अहवालात दिलेले असते.

लोक काय खातात, कशावर खर्च करतात हे 'घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणा'त मिळते. २०२३-२४ मध्ये दरडोई दरमहा सरासरी खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये होता. यापूर्वी २०१७-१८ चेही सर्वेक्षण झाले होते, पण माहितीच्या गुणवत्तेचे कारण देऊन सरकारने त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले नाहीत. म्हणून २०११-१२ नंतर एकदम २०२२-२३ चाच आकडा दिसतो. आकड्यांची मालिका कुठे तुटली हे समजणे हाही नागरिकाचा अभ्यास आहे. तुटली तर विचारणा करायची, कारण मोजलेच नाही तर मागणार कशाच्या आधारावर?

उच्च शिक्षणासाठी 'अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण' पाहा. २०२१-२२ मध्ये देशात एकूण ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षणात होते, त्यांत मुस्लिम विद्यार्थी सुमारे २१ लाख. म्हणजे शंभरात पाचही नाहीत. २०११ च्या जनगणनेत मुस्लिमांचा वाटा १४.२ टक्के होता. ही दरी मोठी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. पण सोबत हेही सांगा की ही माहिती संस्था स्वतः भरतात, हे घरोघरी केलेले सर्वेक्षण नाही. मर्यादा आपणच आधी सांगितली, की समोरच्याला आपला मुद्दा उडवून लावता येत नाही.

जगाशी तुलना करायची असेल तर जागतिक बँकेची खुली आकडेवारी आहे. 'अवर वर्ल्ड इन डेटा' हे ऑक्सफर्डशी जोडलेले संकेतस्थळ प्रत्येक आलेखाखाली स्रोत देते. ती सवय आपणही लावून घ्यावी. अमेरिकेतल्या सेंट लुईस फेडरल रिझर्व्ह बँकेच्या 'फ्रेड' या संग्रहात भारताच्याही अनेक मालिका आहेत. शोधनिबंध हवे असतील तर 'रीपेक' आणि त्यावरचे 'आयडियाज' हे शोधसाधन वापरा. निबंध विकत घ्यावा लागेल असे दिसले तर थांबा. बहुतेक वेळा त्याचाच कच्चा मसुदा लेखकाच्या पानावर फुकट असतो.

एक अफवा, एक तक्ता

आता एक अवघड उदाहरण घेतो. मुस्लिमांच्या लोकसंख्येबद्दल काय काय फिरते ते तुम्हाला सांगायला नको. या विषयावरचा मूळ स्रोत आहे 'राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण'. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत मुस्लिम स्त्रीमागे सरासरी मुले ४.४१ होती, हिंदू स्त्रीमागे ३.३०. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हेच आकडे २.३६ आणि १.९४ झाले. दोन्ही समाजांत प्रमाण घटले, मुस्लिमांत जास्त वेगाने घटले, आणि मधले अंतर १.११ वरून ०.४२ वर आले.

इथे थांबू नका. अंतर कमी झाले, पण संपलेले नाही. 'काही फरकच नाही' असे आपण म्हणालो तर तीही अफवाच. आपल्याला आवडणारा अर्धा आकडा सांगणे हा खोटेपणाचाच सभ्य प्रकार आहे. फरक का आहे, हे त्याच अहवालाच्या पुढच्या तक्त्यांत शोधा. पाचव्या फेरीत बिहारमधल्या हिंदू स्त्रियांत हे प्रमाण २.८८ होते, केरळमधल्या मुस्लिम स्त्रियांत २.२५. शाळेत कधीच न गेलेल्या स्त्रियांत ते २.८ होते, बारा वर्षे किंवा जास्त शिकलेल्यांत १.८. म्हणजे नुसता धर्माचा रकाना पाहून निष्कर्ष काढता येत नाही. राज्य, शिक्षण, आरोग्यसेवा हे रकानेही पाहावे लागतात. आणि मुलीला बारावीपर्यंत शिकवण्याचा आपला आग्रह केवळ भावनेचा नाही, हेही इथेच दिसते.

कोणी असा संदेश पाठवला तर भांडू नका. विनम्रपणे विचारा, "हा आकडा कोणत्या अहवालातला, कोणत्या वर्षाचा?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. आले तर आपल्याला नवे काही कळेल. दोन्हींत आपला फायदा आहे.

घरातले अर्थशास्त्र

आता खिशाकडे येऊ. व्याजाबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत, त्या चर्चेत मी जात नाही. पण कर्ज घेणाऱ्या माणसाला त्याचे गणित कळलेच पाहिजे.

आमच्या वस्तीतल्या एका आपांनी मला कर्जाचे कार्ड दाखवले. एक लाख रुपये, बारा महिने, 'बारा टक्के फ्लॅट'. हप्ता ९,३३३ रुपये. बारा टक्के ऐकून त्यांना ते स्वस्त वाटले होते. पण नीट पाहा. पहिल्या हप्त्यापासून मुद्दल परत जात असते, वर्षभर लाख रुपये त्यांच्या हातात नसतातच. व्याज मात्र पूर्ण लाखावर आकारलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. हा हिशेब करायला पदवी लागत नाही. लिबरऑफिस कॅल्क हा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात 'रेट' नावाचे सूत्र आहे : हप्त्यांची संख्या, उणे चिन्हासह हप्त्याची रक्कम आणि कर्जाची रक्कम भरली की महिन्याचा दर येतो, त्याला बाराने गुणायचे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्ज देताना 'मुख्य माहिती पत्रक' दिले पाहिजे, आणि त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहिला पाहिजे. ते मागून घ्या. लघुवित्त कर्जासाठी २०२२ चे नियम आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे मिळून मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही. हे नियम रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहेत. एक प्रत काढून महिला गटाच्या बैठकीत वाचून दाखवा. तेवढ्या एका कागदाने अनेक घरांचा भार हलका होईल.

आणखी तीन ठिकाणे ध्यानात ठेवा. पहिले, 'उद्‌गम' पोर्टल. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी अनेक बँकांत एकाच वेळी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ते २०२३ मध्ये सुरू केले. वारलेल्या अब्बांच्या किंवा दादांच्या नावाने एकदा शोधून पाहा. दुसरे, 'सचेत'. कोणी बेकायदा ठेवी गोळा करत असेल तर तिथे तक्रार करता येते. तिसरे, सेबीचे संकेतस्थळ. शेअरचा सल्ला देणारा नोंदणीकृत आहे की नाही, हे तिथे नावानिशी तपासता येते.

तरुण मित्रांना खास सांगतो. मोबाइलवर 'ऑप्शन ट्रेडिंग'चे क्लास विकणारे बरेच आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. माणशी सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये. क्लासवाला तुम्हाला उरलेल्या सातांपैकी एकाचा फोटो दाखवतो. संख्याशास्त्र शिकायचे ते यासाठी, की फोटोबाहेरचे त्र्याण्णव दिसावेत.

खोट्या संकेतस्थळांपासूनही जपा. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असतो. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेला पत्ता घ्यायला लावला आहे. संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवण्याऐवजी पत्ता स्वतः टाइप करा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा.

शिकायचे कुठे

"आमचे इंग्रजी कच्चे आहे, क्लासला पैसे नाहीत, मग काय करायचे?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तके मराठीत फुकट उतरवता येतात. एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके हिंदी, इंग्रजी आणि उर्दूत आहेत. त्यांतले अकरावीचे 'अर्थशास्त्रासाठी संख्याशास्त्र' हे पुस्तक पदवीच्या मुलांनीही आधी वाचावे, इतके सोपे आणि स्वच्छ आहे. संगणकासाठी आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' घ्या. कॅल्कचे धडे मराठीत ऐकता येतात.

त्यापुढे केंद्र सरकारचे 'स्वयम्' आहे. अभ्यासक्रम फुकट आहेत, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. इंग्रजी जमू लागले की 'कोअर इकॉन'चे 'द इकॉनॉमी' आणि 'ओपनस्टॅक्स'ची संख्याशास्त्राची पुस्तके वाचा. दोन्ही संपूर्ण फुकट आहेत. एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांत गरिबीच्या प्रश्नावर अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा अभ्यासक्रम आहे. २०१९ चे नोबेल मिळालेले हे शिक्षक, आणि फी शून्य. बॅनर्जी जन्माने मुंबईचे. एकच सांगतो : दहा अभ्यासक्रमांना नाव नोंदवू नका. एक घ्या, तो पूर्ण करा, वहीत गणिते सोडवा. व्हिडिओ पाहणे म्हणजे शिकणे नव्हे.

चॅटबॉटला विचारले तर चालेल का, असाही प्रश्न येतो. संकल्पना समजून घ्यायला चालेल. आकडा मात्र त्याच्या तोंडचा घेऊ नका. तो आत्मविश्वासाने चुकीचाही सांगतो. अहवालाचे नाव विचारा, मग तो अहवाल स्वतः उघडून तक्ता पाहा.

आपल्याकडे याची मोठी परंपरा आहे. पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या खर्चाच्या आकड्यांवरून १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास मांडला आणि देशाला गरिबीची चर्चा आकड्यांत करायला लावली. त्या काळी असे तक्ते मिळवायला मोठ्या संस्थेच्या ग्रंथालयाचे दार उघडे असावे लागे. आज ते तक्ते तालुक्यातल्या मुलीच्या फोनवर उघडतात. दार उघडले आहे. आत जाण्याची सवय तेवढी बाकी आहे.

शेवटी एक काम सांगतो. येत्या महिन्यात प्रत्येकाने आपल्या तालुक्याचे एक पान तयार करावे. त्यात पाचच आकडे असावेत : लोकसंख्या, स्त्री-साक्षरता, माध्यमिक शाळा, दवाखाने, बँक शाखा. प्रत्येक आकड्यासमोर स्रोत आणि वर्ष लिहावे. जो आकडा मिळणार नाही तिथे 'उपलब्ध नाही' असे लिहावे आणि तो माहिती अधिकारात मागावा. पुढच्या बैठकीत ही पाने एकत्र ठेवू आणि निवेदन त्यांच्यावरून लिहू. मग कोणी विचारले, "किती?" तर आपल्याला 'खूप' म्हणावे लागणार नाही.